गोष्ट आधी, अक्षर मागाहून

वढवाण कॅम्पात वकिली करणाऱ्या एका तरुण गृहस्थाच्या घरी १९१३ च्या फेब्रुवारीत मुलगा जन्मला. घरात पहिले मूल आले की बाप साधारणतः त्याच्या भवितव्याची चिंता करू लागतो. हा बाप त्याच्या शाळेची चिंता करू लागला. छडी, घोकंपट्टी आणि भीती या तीन खांबांवर उभी असलेली त्या काळची प्राथमिक शाळा त्याने पाहिली होती, सोसली होती. त्याच शाळेत आपल्या मुलाला लोटायचे नसेल तर कोठे न्यावयाचे, हा प्रश्न त्याला पडला. उत्तर शोधता शोधता वकिली सुटली आणि गुजरातला गिजुभाई बधेका मिळाले.

त्यांचे मूळ नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. सौराष्ट्रातील चितळ या गावी १५ नोव्हेंबर १८८५ रोजी त्यांचा जन्म झाला. भावनगरच्या सामळदास कॉलेजात काही काळ शिक्षण, मग पोटासाठी १९०७ मध्ये पूर्व आफ्रिकेची वाट, दोनेक वर्षांनी परत येऊन मुंबईत कायद्याचा अभ्यास आणि त्यानंतर वढवाणला वकिली, असा हा क्रम त्या काळच्या कोणत्याही होतकरू काठियावाडी तरुणाचा असावा तसाच आहे. पुढील आयुष्याची चाहूल त्यात कोठेच लागत नाही. कोर्टातील उलटतपासणीचा एकच गुण त्यांनी पुढे शिक्षणक्षेत्रात आणला असे म्हणता येईल: ज्याला सर्वजण गृहीत धरून चालतात, त्याच साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करावयाचे.

मुलाच्या शिक्षणाच्या विवंचनेतच ते वसो येथील शिक्षणप्रेमी मोतीभाई अमीन यांच्यापर्यंत पोहोचले, आणि तेथून मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषीच्या ग्रंथांपर्यंत. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत १९०७ साली माँटेसोरीबाईंनी पहिले बालगृह उघडले होते. लहान मूल म्हणजे माहिती ओतण्याचे रिकामे भांडे नव्हे, योग्य साधने आणि मोकळीक मिळाली तर ते स्वतःच शिकते, हा त्यांचा विचार वढवाणच्या वकिलाच्या मनात खोल रुजला. भावनगरमध्ये नानाभाई भट्ट यांनी १९१० साली दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन स्थापन केले होते. गिजुभाई १९१६ मध्ये त्या संस्थेत दाखल झाले. प्रारंभी त्यांच्याकडे मोठी मुले होती. परंतु जे घडावयाचे ते मोठे होण्याच्या फार आधीच घडून जाते, ही खूणगाठ पटताच त्यांनी १९२० च्या ऑगस्टमध्ये अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर सुरू केले. वयाची पस्तिशी गाठत आलेला हा भरघोस मिशांचा पुरुष त्यानंतर जन्मभर चिमुरड्यांच्या घोळक्यात बसला. गुजरातने त्यांना मिशाळ आई म्हणावे, हे ओघानेच आले.

बालमंदिरात अक्षर आणि अंक कसे येत, हे नीट पाहावयास हवे. कारण गोष्टीचे स्थान त्याखेरीज कळत नाही. माँटेसोरी पद्धतीत अक्षर प्रथम डोळ्यांनी नव्हे तर बोटांनी शिकावयाचे असते. खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे पाटीवर डकवलेली असतात. मूल त्यांवरून बोट फिरवते आणि त्याच वेळी त्या अक्षराचा ध्वनी उच्चारते. हात वळणाला सरावतो, कान ध्वनीला सरावतो, आणि एके दिवशी मुलाच्या हातून खडूने शब्द उतरतो. लिहिणे आधी, वाचणे नंतर, असा हा उलटा वाटणारा क्रम आहे. अंकांचेही तसेच. चढत्या लांबीच्या दांड्या, मग खणाखणांची एक पेटी. प्रत्येक खणावर अंक लिहिलेला आणि त्यात तितक्याच काड्या मोजून ठेवावयाच्या. त्या पेटीतील पहिला खण शून्याचा असतो. त्यात काहीच ठेवावयाचे नसते. हातात काडी असून ती ठेवता येत नाही, या अडचणीतून मुलाला शून्य समजते. एखाद्या अभिजात नाटककारालाही हेवा वाटावा असा हा प्रसंग आहे.

ही पद्धती गिजुभाईंनी गुजराती लिपीसाठी आणि काठियावाडी मुलांसाठी बेतून घेतली. तथापि एका बाबतीत गुरूची आणि शिष्याची वाट वेगळी झाली. माँटेसोरीबाईंना लहान मुलांना परीकथा सांगणे मान्य नव्हते. त्यांचा आक्षेप उथळ नव्हता. सहा वर्षांच्या आतील मुलाला खरे काय आणि कल्पित काय यांतील सीमारेषा अजून सापडलेली नसते. जग ओळखण्याची त्याची धडपड चाललेली असताना बोलणारे लांडगे आणि उडणाऱ्या चेटकिणी मध्ये आणून मोठी माणसे त्याचा गोंधळ वाढवितात, आपली कल्पना त्याच्यावर लादतात, आणि त्याच्या भाबडेपणाचीच मजा लुटतात, असे त्यांचे म्हणणे होते. भुताच्या गोष्टींनी दडपून निजविलेल्या मुलांचा देश असलेल्या आपल्याला या आक्षेपातील सत्यांश मान्य करावाच लागेल. मुलांना भेदरविणाऱ्या गोष्टी गिजुभाईंनाही नको होत्या.

परंतु त्यांनी मूठभर भुतांसाठी सगळे लोकवाङ्मय घराबाहेर काढले नाही. ज्या भूमीत आजी संध्याकाळी ओट्यावर बसून नातवंडांना चिडा-चिडीची, कोल्ह्याची, कावळ्याची गोष्ट सांगते, तेथील मुलाने शाळेचा उंबरठा ओलांडताना ती आजी बाहेर ठेवून यावी, हे त्यांना पटले नाही. शाळा आणि घर यांच्यामध्ये जो ओढा वाहतो त्यावर गोष्ट हा एकमेव पूल आहे, अशीच जणू त्यांची धारणा होती. म्हणून लोकांच्या तोंडी असलेल्या कथा त्यांनी जमविल्या, बालमंदिरात सांगितल्या, मुलांच्या चेहऱ्यांवर त्या पारखून घेतल्या आणि मग लिहिल्या. लिहिताना त्यांनी बोलण्याची लय मोडली नाही. गुजराती मुलांच्या कित्येक पिढ्या पुढे या बालवार्तांवर वाढल्या.

या कथांतील सात शेपट्यांच्या उंदराची कथा घ्यावी. एका उंदराला सात शेपट्या असतात आणि त्यावरून शाळेतील पोरे त्याला चिडवितात. तो रडत घरी येतो. आईच्या सल्ल्याने एक शेपटी कापून टाकतो. दुसऱ्या दिवशी पोरे त्याला सहा शेपट्यांचा म्हणून चिडवितात. पुन्हा रडणे, पुन्हा एक शेपटी कमी. पाच, चार, तीन, दोन. अखेरीस एकच शेपटी उरते, म्हणजे तो चारचौघांसारखा उंदीर होतो; पण चिडविणारे थांबत नाहीत. शेवटी तीही जाते, आणि मग बिनशेपटीचा म्हणून त्याची जी टर उडते तिला तोड नसते.

ही वजाबाकी आहे. सातातून एक, सहातून एक, असे करीत शून्यापर्यंत नेणारी संपूर्ण उतरती मोजणी यात आहे, आणि ती फळ्यावर न लिहिता चार वर्षांचे मूल प्रत्येक पायरीला पुढचा आकडा सांगणाऱ्याच्या आधी ओरडून सांगते. काड्यांच्या पेटीतील रिकामा खण आणि बिनशेपटीचा उंदीर एकच गोष्ट शिकवितात. फरक इतकाच की उंदराच्या शून्याला दुःख आहे. लोकांच्या बोलण्यावर आपले अवयव कापीत सुटणाऱ्या त्या बापड्याची कणव आणि हसू ही दोन्ही मुलाला एकदम येतात; आणि तो आकडा मनात राहतो तो त्या दोहोंमुळे.

दला तरवाडीची कथाही अशीच. हा ब्राह्मण परक्याच्या वाडीत वांगी तोडावयास शिरतो. पण चोरीचा दोष नको म्हणून वाडीलाच परवानगी विचारतो आणि वाडीच्या वतीने स्वतःच उत्तर देतो. दोन-चार घेऊ का, असे विचारावयाचे आणि दहा-बारा घे, असे आपणच सांगावयाचे. मालक त्याला पकडतो तेव्हा तोही विहिरीला परवानगी विचारतो, या तरवाडीला दोन-चार बुचकळ्या देऊ का म्हणून. आणि विहीरही, अर्थातच, दहा-बारा द्यावयास सांगते. दोन-चार म्हणजे किती थोडे आणि दहा-बारा म्हणजे किती पुष्कळ, हे वांग्यांनी कळते आणि विहिरीत पक्के होते. संख्येच्या लहान-मोठेपणाची जाण ही अंक लिहिण्यापूर्वी यावयाची जाण आहे, हे गणित शिकविणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. लोककथेला ते शतकानुशतके ठाऊक होते, एवढेच.

परंतु येथे थांबून एक भेद केला पाहिजे. गिजुभाई अंक शिकविण्यासाठी उंदराची गोष्ट सांगत नव्हते. ते उंदराची गोष्ट सांगत होते, आणि अंक तिच्यात होते. हा शब्दच्छल नव्हे. त्यांच्या साऱ्या शिक्षणविचाराचा हा कणा आहे. ‘वार्तानुं शास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गोष्ट कोणती निवडावी, कोणत्या वयाला कोणती द्यावी, ती कशी सांगावी, याचा इतका बारकाईने विचार करणारे पुस्तक आपल्याकडच्या भाषांत क्वचितच लिहिले गेले असेल. गोष्टीचा पहिला आणि मोठा हेतू आनंद हाच होय, या सिद्धान्तावर ते उभे आहे. भाषा समृद्ध होते, स्मृती वाढते, कल्पनेला धार येते, हे लाभ ते नाकारीत नाहीत. पण ते आनंदाच्या मागोमाग येणारे लाभ आहेत. गोष्टीच्या शेवटी तात्पर्य चिकटविण्याला तर त्यांचा स्पष्ट विरोध होता. दला तरवाडीने चोरी केली, ती वाईट, हे मुलाला सांगावे लागत नाही. विहिरीतील गार पाण्याने ते काम केलेले असते.

हा विचार शाळेच्या वर्गात उतरला तर काय घडेल, याचे चित्र त्यांनी १९३२ च्या सुमारास ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात रेखाटले. लक्ष्मीराम हा त्यातील शिक्षक काल्पनिक आहे. तो शिक्षणाधिकाऱ्याकडून एका प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यावयास जातो आणि त्याची फजिती होते. पोरे असा काही गोंधळ घालतात की त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. नव्या शिक्षणपद्धतीच्या प्रवर्तकाने आपल्या नायकाची अशी फटफजिती पहिल्याच प्रकरणात करावी, हे विशेष. सिद्धान्त पाठ करून आलेल्या प्रत्येक प्रशिक्षित शिक्षकाने तेवढी चार पाने तरी अवश्य वाचावीत.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीराम गोष्ट सांगू लागतो. कालचीच दंगेखोर पोरे पुतळ्यासारखी बसतात. गोष्ट दिवसामागून दिवस चालते. इतर शिक्षक कुजबुजतात, मुख्याध्यापक नाराज होतात. अभ्यासक्रम बाजूला ठेवून हा गोष्टी कसल्या सांगतो, हा त्यांचा सवाल चुकीचा नाही, कारण परीक्षा त्यांच्याही डोक्यावर आहे. मग तो वर्गात गोष्टींची पुस्तके आणून ठेवतो. ऐकण्याची चटक लागलेली मुले वाचनाकडे वळतात. पाठ्यपुस्तकांचे पैसे एकत्र करून त्यांतून वर्गाचे ग्रंथालय उभारण्याची त्याची कल्पना सर्व पालकांच्या गळी उतरत नाही. तरी ग्रंथालय उभे राहते. गोष्टींची नाटके होतात, अंताक्षरी होते, श्रुतलेखन होते. गोष्ट ही त्या वर्गाची शिस्त होते, वाचनमाला होते आणि हजेरीपटही होते. कारण मुले गैरहजर राहीनाशी होतात.

वाचन शिकण्याच्या प्रक्रियेत येथे जे घडते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. ज्या मुलाने गोष्ट चार वेळा ऐकली आहे, त्याच्या हाती तीच गोष्ट छापील स्वरूपात आली की त्याला पुढे काय येणार हे ठाऊक असते. त्यामुळे अक्षर अडले तरी अर्थ अडत नाही. अर्थाच्या आधाराने ते अडलेले अक्षर ओळखते. लोककथेतील पालुपदे तर यासाठीच घडविल्यासारखी वाटतात. तेच वाक्य पाचव्यांदा पानावर भेटते तेव्हा मूल ते वाचते की आठवते हे सांगता येत नाही, आणि त्या संधिप्रकाशातच वाचनाचा उगम असतो. मराठी घरांत भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची किंवा चिऊ-काऊच्या घरांची गोष्ट ऐकलेल्या कोणत्याही मुलाची हीच पुंजी असते. शाळा ती पुंजी वापरीत नाही. ती त्याला कमळ, बदक, मगर अशा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या शब्दांच्या वाटेने नेते.

केंद्र सरकारने २०२१ साली निपुण भारत हा उपक्रम सुरू केला. तिसरी इयत्ता संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि पायाभूत अंकगणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठावयाचे ठरले. अशा योजनांत गोष्टीला मानाचे पान मिळू लागले आहे, ही संतोषाची बाब आहे. परंतु गोष्ट सांगून संपण्याच्या आत त्यात किती प्राणी आले, त्यांपैकी किती चतुष्पाद, ‘क’ने सुरू होणारे शब्द किती, असे प्रश्नपत्रक मुलापुढे सरकविले, तर ती गोष्ट राहत नाही, कडू गोळीवरचे साखरेचे आवरण होते. मुले ते आवरण चाटून गोळी थुंकण्यात पटाईत असतात. पुढच्या वेळी गोष्ट सुरू होताच त्यांना प्रश्नपत्रक दिसू लागते, आणि मग गोष्टही कडू लागते. गिजुभाईंचे नाव घेऊन हे होऊ नये.

त्यांच्या कार्याला मर्यादा नव्हत्या असे नाही. ‘दिवास्वप्ना’त भाषेच्या अध्यापनाला जी ऐसपैस जागा मिळाली, तेवढी गणिताला मिळालेली नाही. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग होती, खेड्यातील शाळेला न झेपणारी होती. पण या माणसाचा झपाटा विलक्षण होता. मुलांसाठी, शिक्षकांसाठी आणि आईबापांसाठी मिळून त्यांनी लिहिलेल्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या दोनशेच्या आसपास जाते. रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना १९२९ साली मिळाला. पुढच्याच वर्षी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी मुलांच्या वानरसेना उभ्या केल्या. दक्षिणामूर्ती संस्थेतून ते १९३६ मध्ये बाहेर पडले आणि राजकोटला अध्यापन मंदिर चालविण्याच्या उद्योगाला लागले. ते पुरते बहरण्याआधीच शरीराने साथ सोडली. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय त्रेपन्न.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मारिया माँटेसोरी हिंदुस्थानात आल्या आणि मद्रासला अड्यार येथे त्यांचे वर्ग सुरू झाले. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. ज्या शिष्याने त्यांची पद्धती एका भारतीय भाषेत रुजविली आणि त्यांनी वर्ज्य मानलेली गोष्ट तिच्या शेजारी आणून बसविली, तो पाच महिन्यांपूर्वी गेला होता. परीकथेचा तो वाद समोरासमोर व्हावयाचा राहूनच गेला.

महाराष्ट्राचा या साऱ्याशी संबंध आहे तो ताराबाई मोडक यांच्यामुळे. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला गेल्या आणि गिजुभाईंच्या खांद्याला खांदा लावून बालमंदिरात उभ्या राहिल्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीतून निघाली, पुढे मराठीतूनही निघाली. दादरच्या शिशुविहारानंतर १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये राहावयास गेल्या. भावनगरच्या बालमंदिरातील रेखीव लाकडी साधने येथे परवडणारी नव्हती. मोजण्यासाठी शिंपले होते, बिया होत्या, खडे आणि पाने होती. मूल शाळेत आले नाही तर शाळाच त्याच्या अंगणात जात असे. तेथे कोणी वारली मूल मांडीवर धाकटे भावंड घेऊन बसे, आणि गोष्टीला सुरुवात होई.